महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची रचना

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची रचना मुख्यतः संलग्नतेच्या तत्त्वावर उभी आहे. बारावीनंतर शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी प्रत्यक्ष विद्यापीठाच्या आवारात शिकत नाहीत. ते विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात. अध्यापन महाविद्यालयाने करावयाचे, अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी यांची जबाबदारी विद्यापीठाने घ्यावयाची, तर परवानगी आणि अनुदान शासनाने द्यावयाचे, अशी कामांची वाटणी आहे. कोणते महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न असावे हे सामान्यतः ते कोणत्या जिल्ह्यात आहे यावरून ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपुष्टात आणावी असे सुचविले असले, तरी ग्रामीण भागातील पदवी शिक्षण आजही तिच्याच आधाराने चालते.

== जिल्ह्याची सीमा आणि विद्यापीठाची सीमा ==

या व्यवस्थेत भूगोलाला किती महत्त्व आहे, हे नरसिंहपूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेले व लक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले हे गाव पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, जिल्ह्याच्या आग्नेय टोकावर आहे. नीरेच्या पलीकडे माळशिरस तालुका आणि भीमेच्या पलीकडे माढा तालुका असून हे दोन्ही तालुके सोलापूर जिल्ह्यात मोडतात. त्यामुळे नदीच्या अलीकडील महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, तर पलीकडील महाविद्यालय पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या. नरसिंहपूरच्या विद्यार्थ्याला तालुक्याचे ठिकाण असलेले इंदापूर जितके जवळ, तितकेच नदीपलीकडील अकलूजही जवळ आहे. दोहोंपैकी कोठेही प्रवेश घेण्यास त्याला कायद्याची आडकाठी नाही. मात्र जेथे प्रवेश घेईल त्यावरून त्याचा अभ्यासक्रम, परीक्षेचे वेळापत्रक आणि पदवी प्रमाणपत्रावरील नाव बदलते.

बारावीपर्यंत हा भेद जाणवत नाही. अकरावी-बारावीचे वर्ग, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय, विद्यापीठाच्या कक्षेत नसून माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या कक्षेत येतात. आणि मंडळाच्या पुणे विभागात पुणे, अहिल्यानगर व सोलापूर हे तिन्ही जिल्हे आहेत. त्यामुळे नीरेच्या दोन्ही काठांवरील मुले बारावीला एकच प्रश्नपत्रिका सोडवितात आणि पुढच्याच वर्षी दोन विद्यापीठांत विभागली जातात. पदवीधर झाल्यानंतर मात्र दोन्ही काठांचे मतदार विधान परिषदेच्या एकाच, पुणे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवितात.

शिक्षण मध्येच हलवावे लागले म्हणजे ही सीमा खऱ्या अर्थाने जाणवते. इंदापुरात प्रथम वर्ष उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या संलग्न महाविद्यालयात जाणे तुलनेने सोपे असते. अकलूजहून इंदापुरास यावयाचे असेल, तर ते विद्यापीठांतर ठरते. स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र, विषयांची समकक्षता अशी कागदपत्रांची मालिका पूर्ण करावी लागते, आणि पूर्वी शिकलेला एखादा विषय नव्या विद्यापीठाच्या आराखड्यात बसत नसेल तर तो पुन्हा द्यावा लागू शकतो. वडिलांची नोकरी बदलल्यामुळे किंवा मुलीचे लग्न झाल्यामुळे पदवी अर्धवट राहिल्याची जी उदाहरणे ग्रामीण भागात आढळतात, त्यांच्यामागे आर्थिक अडचणींच्या जोडीला ही कागदोपत्री अडचणही असते.

== संलग्नता पद्धतीचा उगम ==

१८५४ च्या वुडच्या खलित्यात भारतात विद्यापीठे स्थापन करण्याची शिफारस करण्यात आली. त्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची तारीख १८ जुलै १८५७ अशी आहे. या तिन्ही विद्यापीठांपुढे तत्कालीन लंडन विद्यापीठाचा आदर्श होता. लंडन विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. संलग्न संस्थांतील विद्यार्थ्यांची परीक्षा घेऊन पदवी देणे एवढेच त्याचे कार्य होते. मुंबई विद्यापीठानेही तोच मार्ग अनुसरला. १८६२ मध्ये त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. विद्यापीठाने त्यांना पदवी दिली, परंतु त्यांना शिकविले ते महाविद्यालयाने.

पुढे लंडन विद्यापीठाने १८९८ च्या कायद्याने आपले स्वरूप बदलून अध्यापनाची जबाबदारी स्वीकारली. भारतातही १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन विभाग काढण्याची मुभा दिली आणि संलग्नतेच्या अटी कडक केल्या. कलकत्ता विद्यापीठासाठी १९१७ मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगाने एकाच ठिकाणी शिकविणाऱ्या विद्यापीठांची कल्पना पुढे मांडली. परंतु मूळ चौकट बदलली नाही. पसरलेला प्रदेश, थोडा पैसा आणि स्थानिक शिक्षणसंस्थांचा वाढता उत्साह या तिन्हींना सामावून घेणारी हीच पद्धत होती. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले, ते शासनाने नव्हे तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलेले होते. खासगी संस्थेने महाविद्यालय काढावे, विद्यापीठाने त्याला मान्यता द्यावी आणि शासनाने अनुदान द्यावे हा क्रम तेव्हापासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. पुढे हेच रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात, आणि जिल्हा व तालुका पातळीवरील शेकडो संस्थांनी आपापल्या गावी केले.

या प्रवाहाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेले महिला विद्यापीठ, आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, जिल्ह्याच्या सीमेने बांधलेले नाही. महिलांची महाविद्यालये कोठेही असली तरी त्याच्याशी संलग्न होऊ शकतात.

== कार्यक्षेत्रांची विभागणी ==

एकेकाळी मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेले होते. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झाले. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असल्याने तेथील उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर ते मराठी प्रदेशातच आले.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले व डॉ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. आरंभी बारा जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात होते. नीरेचे दोन्ही काठ त्या काळात एकाच विद्यापीठात होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे गेला. पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे व जळगाव हे पाच जिल्हे राहिले. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर शेवटचे दोन जिल्हे वेगळे झाले. आज पुणे, अहिल्यानगर व नाशिक एवढेच त्याचे कार्यक्षेत्र आहे. २०१४ मध्ये त्याचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नामांतर करण्यात आले.

सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झाले. एकाच जिल्ह्यापुरते विद्यापीठ असण्याचे हे राज्यातील वेगळे उदाहरण होते. अकलूजच्या महाविद्यालयातून १९७५ साली पदवीधर झालेल्याच्या प्रमाणपत्रावर शिवाजी विद्यापीठाचे नाव आढळते आणि २०१० साली पदवीधर झालेल्याच्या प्रमाणपत्रावर सोलापूर विद्यापीठाचे. महाविद्यालय तेच, इमारतही तीच.

अमरावती (१९८३), नांदेड (१९९४) व गडचिरोली (२०११) येथील विद्यापीठेही अशीच जुन्या विद्यापीठांचे कार्यक्षेत्र विभागून निर्माण झाली. विभागणीमागे सोयीचा विचार होता हे उघड आहे. गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त करण्यासाठी गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला नागपूर गाठावे लागणे हा त्रास खराच होता. त्याबरोबर प्रादेशिक अस्मिता आणि राजकीय मागण्याही होत्या.

== महाविद्यालय, विद्यापीठ आणि शासन ==

नवीन महाविद्यालय काढण्याची प्रक्रिया महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये सांगितली आहे. हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला व त्याने १९९४ च्या कायद्याची जागा घेतली. प्रत्येक विद्यापीठ आपल्या कार्यक्षेत्राचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करते. कोणत्या भागात, कोणत्या विद्याशाखेच्या महाविद्यालयाची गरज आहे हे त्यात नोंदविलेले असते. आराखड्यात जागा नसेल तर अर्जाला अर्थ उरत नाही. जागा असेल तर संस्था विद्यापीठाकडे अर्ज करते, विद्यापीठ शिफारस करते, शासन आधी इरादापत्र व अटी पूर्ण झाल्यावर अंतिम परवानगी देते आणि त्यानंतर विद्यापीठ आपली समिती पाठवून इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा व शिक्षक यांची तपासणी करून संलग्नता देते. संलग्नता सुरुवातीस ठरावीक मुदतीची असते व ती वाढवून घ्यावी लागते.

पैशाच्या दृष्टीने महाविद्यालयांचे प्रकार पडतात. शासकीय महाविद्यालय शासनाच्या मालकीचे असते. अनुदानित महाविद्यालय खासगी संस्थेचे असते, परंतु तेथील मंजूर पदांचे वेतन शासन देते. पुण्यातील उच्च शिक्षण संचालनालय व त्याची विभागीय सहसंचालक कार्यालये यांच्यामार्फत हे वेतन दिले जाते. विनाअनुदानित महाविद्यालयाचा सर्व खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागतो. एकाच फाटकाच्या आत हे प्रकार एकत्र नांदताना दिसतात. कला शाखेचे वर्ग अनुदानित आणि त्याच इमारतीतील संगणकशास्त्राचे वर्ग विनाअनुदानित असतात, आणि त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांच्या शुल्कात मोठा फरक पडतो.

अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला विद्यापीठ अनुदान आयोगाने ठरविलेली पात्रता लागते, म्हणजे पदव्युत्तर पदवीबरोबर राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा राज्य पात्रता परीक्षा. 'नेट' आणि 'सेट' या नावांनीच त्या ओळखल्या जातात. महाराष्ट्र व गोव्यासाठीची 'सेट' पुणे विद्यापीठ घेते. निवृत्तीने रिकामी झालेली पदे भरण्यास शासनाची मान्यता लागते. ती मिळेपर्यंत, आणि ही प्रतीक्षा अनेकदा वर्षानुवर्षे चालते, अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतले जाते. त्यांना घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. सुटीत ते मिळत नाही. ग्रामीण महाविद्यालयातील एखाद्या विषयाचा संपूर्ण विभाग अशा एकाच व्यक्तीवर चालत असल्याची स्थिती दुर्मीळ नाही. अभ्यासक्रम पुण्यात कितीही विचारपूर्वक तयार झाला तरी तो वर्गात कोण शिकविणार, हा प्रश्न या वाटणीत कोणाच्याच एकट्याच्या अखत्यारीत राहत नाही. विद्यापीठ त्यासाठी संस्थेकडे बोट दाखविते, संस्था शासनाकडे.

विद्यापीठाच्या अंतर्गत रचनेत राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. विद्यापीठाचे प्रत्यक्ष प्रमुख कुलगुरू होत. शोध समितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती त्यांची पाच वर्षांसाठी नियुक्ती करतात. प्रशासनाचा भार कुलसचिवांवर असतो. हिंदी भाषक राज्यांत 'कुलपति' हा शब्द दीर्घकाळ कुलगुरूसाठी आणि 'कुलाधिपति' हा कुलपतीसाठी वापरला गेला, त्यामुळे हिंदी वृत्तपत्रांवरून मराठीत भाषांतर करताना या पदांचा नेहमी गोंधळ होतो. अधिसभा हे विद्यापीठाचे व्यापक प्रतिनिधिमंडळ असून तीत शिक्षक, प्राचार्य, संस्थाचालक व नोंदणीकृत पदवीधर यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. कारभाराचे निर्णय व्यवस्थापन परिषद, तर शैक्षणिक निर्णय विद्यापरिषद घेते. विषयाचा अभ्यासक्रम मात्र अभ्यास मंडळात तयार होतो. विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास.

== संलग्नतेच्या चौकटीबाहेरील संस्था ==

काही शिक्षणक्षेत्रांसाठी जिल्हावार विद्यापीठांऐवजी राज्यव्यापी विद्यापीठे आहेत. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या इत्यादी शाखांची महाविद्यालये नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (१९९८) संलग्न असतात. बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. ते पुणे जिल्ह्यात असले तरी पदवी नाशिकच्या विद्यापीठाची मिळते. कृषी शिक्षण राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चार कृषी विद्यापीठांत विभागलेले असून बारामती-इंदापूर भाग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो. येथे गंमत अशी की कृषी विद्यापीठाच्या नकाशावर नीरेचे दोन्ही काठ पुन्हा एकत्र येतात. तंत्रशिक्षणासाठी लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, संस्कृतासाठी रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे.

याशिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याच्या कलम ३ खालील अभिमत विद्यापीठे आहेत. पुण्यातील डेक्कन कॉलेज, गोखले अर्थशास्त्र संस्था व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही त्यांची जुनी उदाहरणे. स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठे गेल्या दशकात वाढली. त्यांना इतर महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. केंद्राच्या संस्थांत वर्ध्याचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, मुंबईचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान, पुण्याची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, नागपूर व मुंबईची भारतीय प्रबंध संस्थाने इत्यादींचा समावेश होतो.

== केंद्र आणि राज्य यांचे अधिकार ==

राज्यघटनेनुसार शिक्षण हा विषय मूळ राज्यसूचीत होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला. उच्च शिक्षणाच्या दर्जाचे समन्वयन व निश्चितीकरण मात्र आरंभापासूनच संघसूचीत आहे. यामुळे विद्यापीठ स्थापन करण्याचा कायदा राज्य विधिमंडळ करते, पण शिक्षकांची पात्रता, पदव्यांची नावे व किमान मानके केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाकडून ठरतात. आयोगाची स्थापना १९५३ मध्ये झाली व १९५६ मध्ये त्याला वैधानिक दर्जा मिळाला. अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिक्षणावर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे नियंत्रण आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, जी 'नॅक' या नावाने ओळखली जाते, महाविद्यालयांचे मूल्यांकन करते; तिची स्थापना १९९४ मध्ये झाली.

== प्रवेश, शुल्क आणि 'गृह विद्यापीठ' ==

कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवी प्रवेश बहुतांशी महाविद्यालय पातळीवर बारावीच्या गुणांवर होतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष परीक्षा घेतो व केंद्रीभूत पद्धतीने प्रवेश देतो. वैद्यकीय शाखांसाठी राष्ट्रीय पातळीवरील 'नीट' ग्राह्य धरली जाते.

अभियांत्रिकीच्या प्रवेशयाद्यांत विद्यार्थ्यांची 'गृह विद्यापीठ' आणि 'इतर विद्यापीठ' अशी वर्गवारी आढळते. त्या भागातील महाविद्यालयांच्या जागांत स्थानिक विद्यार्थ्यांना मोठा वाटा मिळावा हा तिचा हेतू. गृह विद्यापीठ ठरविताना सामान्यतः विद्यार्थी कोणत्या गावचा आहे हे न पाहता त्याने बारावी कोठून उत्तीर्ण केली हे पाहिले जाते. परिणामी नरसिंहपूरच्या ज्या मुलाने अकरावी-बारावी अकलूजला केली, तो पुणे जिल्ह्याचा रहिवासी असूनही प्रवेशप्रक्रियेत सोलापूर विद्यापीठाचा ठरतो, आणि पुण्यातील किंवा बारामतीतील अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याची गणना इतर विद्यापीठाच्या वर्गात होते. त्याच्याच शेजारच्या घरातील, इंदापूरला बारावी केलेला मुलगा गृह विद्यापीठाचा असतो. दहावीनंतर केवळ एसटीच्या सोयीने केलेली निवड दोन वर्षांनी अशा रीतीने परिणाम घडविते, आणि पालकांना त्याची माहिती बहुधा प्रवेशअर्ज भरतानाच होते. वैद्यकीय प्रवेशासाठी असलेले सत्तर-तीसचे प्रादेशिक सूत्र राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले.

महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने परवानगी दिली. या धोरणामुळे तालुक्याच्या ठिकाणी तंत्रशिक्षण आले, तसेच शुल्काचा वादही आला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मधील टी. एम. ए. पै प्रकरणात खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली, मात्र कॅपिटेशन शुल्क व नफेखोरी अमान्य ठरविली. राज्यात २०१५ च्या कायद्याने स्थापलेले शुल्क नियामक प्राधिकरण व्यावसायिक विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क ठरविते.

शुल्कसवलतीच्या योजना 'महाडीबीटी' संकेतस्थळावरून राबविल्या जातात. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. वसतिगृह व प्रवासाचा खर्च यात येत नाही, आणि नरसिंहपूरसारख्या ठिकाणाहून बारामती किंवा पुणे गाठणाऱ्या मुलीच्या बाबतीत तो खर्च शुल्कापेक्षा कमी नसतो. भाऊराव पाटलांच्या परंपरेतील 'कमवा आणि शिका' योजना अनेक विद्यापीठांत व महाविद्यालयांत चालू आहे. ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत काही तास काम करून विद्यार्थी त्यातून आपला खर्च अंशतः भागवितो.

== पदवीचा आराखडा ==

१९७० च्या दशकात महाराष्ट्राने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला. त्यापूर्वी अकरावीच्या शालान्त परीक्षेनंतर विद्यार्थी थेट महाविद्यालयात जात असे. तीन वर्षांची पदवी, दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर विद्यावाचस्पती, म्हणजे पीएच.डी., हा क्रम त्यातून स्थिर झाला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा नवा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. यात शिक्षणाचे मोजमाप श्रेयांकांत होते. व्याख्यानाचे साधारण १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. एका वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर सन्मान पदवी मिळते. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात व विद्यार्थी पुढे तेथूनच शिक्षण सुरू करू शकतो. विद्यापीठांतराची जी अडचण वर सांगितली, तिच्यावर हा उपाय योजलेला आहे. एका विद्यापीठात मिळविलेला श्रेयांक दुसऱ्याने मान्य करावा अशी त्यात अपेक्षा आहे. प्रत्यक्षात हे दोन्ही विद्यापीठांनी विषयांची जुळणी किती मोकळेपणाने स्वीकारली यावर अवलंबून राहते.

मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्यविषयक अभ्यास, भारतीय ज्ञान प्रणाली, क्षेत्रकार्य असे अनेक घटक या आराखड्यात आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने मराठी नाटक शिकावे ही कल्पना उत्तम आहे. परंतु निवडीला अर्थ येण्यासाठी निवड देऊ शकेल इतके शिक्षक महाविद्यालयात असावे लागतात. पुण्यातील मोठ्या महाविद्यालयात विद्यार्थ्यापुढे पंधरा-वीस पर्याय असू शकतात. जेथे प्रत्येक विषयाला एकच शिक्षक आणि तोही तासिकेवरचा, तेथे महाविद्यालय जे शिकवू शकते तेच विद्यार्थ्याने 'निवडलेले' असते.

== स्वायत्तता ==

स्वायत्त महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम ठरविते, स्वतः परीक्षा घेते व निकाल लावते. पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच असते आणि तिच्यावर महाविद्यालयाचे नाव छापता येते. हा दर्जा विद्यापीठ अनुदान आयोग देतो. १९६२ मध्ये स्थापन झालेले बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय हे या परिसरातील स्वायत्त महाविद्यालयाचे उदाहरण आहे.

स्वायत्ततेचे लाभ स्पष्ट आहेत. निकाल वेळेवर लागतो, अभ्यासक्रमात स्थानिक गरजेनुसार बदल करता येतो, आणि शेकडो महाविद्यालयांच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा विद्यापीठावरील बोजा हलका होतो. संलग्न महाविद्यालयाच्या निकालाची वाट पाहताना पदव्युत्तर प्रवेशाची मुदत टळण्याची भीती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना पहिला लाभ सर्वांत मोठा वाटेल. मात्र इंदापूरहून बारामतीला महाविद्यालय बदलणे, जे पूर्वी एकाच विद्यापीठातील साधे स्थलांतर होते, त्यातही आता दोन अभ्यासक्रमांची जुळणी पाहावी लागते.

राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक महाविद्यालयाने पंधरा वर्षांच्या कालावधीत पदवी देणारी स्वायत्त संस्था व्हावे किंवा एखाद्या विद्यापीठाचा घटक व्हावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. काही महाविद्यालयांना एकत्र करून समूह विद्यापीठे स्थापण्याचा मार्गही वापरला जात असून मुंबईतील डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ व साताऱ्यातील कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ही त्याची उदाहरणे आहेत. लहान गावातील, दोनतीनशे विद्यार्थ्यांचे, एकाच विद्याशाखेचे महाविद्यालय या दोन्ही वाटांवर चालण्याइतके सबळ नसते. त्याच्या प्रमाणपत्रावरील विद्यापीठाचे नाव हीच त्याच्या विद्यार्थ्याची बाहेरच्या जगातील ओळख असते. संलग्नता काढून घेतल्यास अशा महाविद्यालयाच्या पदवीला नोकरी देणारा किती किंमत देईल, या प्रश्नाचे उत्तर धोरणात मिळत नाही.

== मुक्त व दूरस्थ शिक्षण ==

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली. त्याचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य असून ते अभ्यासकेंद्रांमार्फत शिकविते. ही केंद्रे बहुतेक वेळा संलग्न महाविद्यालयांतच असतात आणि संपर्कसत्रे सुटीच्या दिवशी भरतात. शेती, नोकरी किंवा घरकाम सांभाळून शिकणारे, तसेच लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या स्त्रिया हा त्याचा मोठा विद्यार्थिवर्ग आहे. अध्ययनसाहित्य मराठीत उपलब्ध असल्याने पदवीच्या पातळीवर मराठीतून वाचण्याजोगी पाठ्यपुस्तके तयार होण्यासही या विद्यापीठाची मोठी मदत झाली. नीरेच्या उत्तर काठावरील विद्यार्थिनी इंदापूरच्या केंद्रात नाव नोंदवो की दक्षिण काठावरील अकलूजच्या, तिला तीच पुस्तके मिळतात आणि पदवीही एकाच विद्यापीठाची मिळते.